‘सर, मला २४ पट झूमचा स्कोप सांगा’: पॉइंट टू टू रायफलसाठी स्कोप निवडीचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

या प्रकरणातल्या नेमबाज पन्नाशी ओलांडलेल्या आहेत. ओळख कळू नये म्हणून नाव, क्लब आणि रायफलीची बनावट इथे दिलेली नाही. रायफल पॉइंट टू टू (०.२२ इंच कॅलिबरची), बोल्ट ॲक्शन, जाड नळीची. तिच्यावर ३-९×४० असा जुना स्कोप, नेम धरायची दुर्बीण, म्हणजे मॅग्निफिकेशन ३ ते ९ पट आणि पुढची काच ४० मिलिमीटरची. हा स्कोप आधी मोठ्या कॅलिबरच्या रायफलीवर होता. ती रायफल गेली, स्कोप राहिला आणि तोच या रायफलीवर चढला.

सराव दोन प्रकारचा. कागदी टार्गेटवर टेबलाशी बसून, बॅगांचा आधार घेऊन, २५, ५० आणि १०० मीटरवर. आणि स्टीलच्या टांगत्या प्लेटांवर, ३० ते १०० मीटरच्या दरम्यान, घड्याळ लावून. पुढे २०० मीटरला हात घालायचा आहे, हेही त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितलं. वेळ संध्याकाळची, त्यामुळे सरावाचा शेवटचा भाग नेहमी उतरत्या उजेडात.

त्यांची मागणी ठाम होती. ९ पटीवर भोकं दिसत नाहीत, ग्रुप (एका नेमावर मारलेल्या गोळ्यांचा पुंजका) फुटतो, म्हणून २४ पट झूमचा स्कोप हवा. अशी मागणी प्रत्येक रेंजवर ऐकू येते आणि ती रास्तही वाटते. दिसत नाही म्हणून लागत नाही, हा विचार सहज मनात येतो.

नेमकं बिघडलं कुठे होतं

त्यांची जुनी टार्गेटं मागवून एकापुढे एक मांडली. २५ मीटरवरचा ग्रुप जवळजवळ ५० मीटरवरच्या ग्रुपएवढा मोठा होता. १०० मीटरवरचा मात्र अंतराच्या मानाने बरा होता. इथेच पहिला धागा मिळाला. हात डळमळत असेल, काडतुसं सुमार असतील किंवा नळी मळलेली असेल, तर फैलाव अंतराबरोबर वाढतो. जवळ वाईट आणि लांब बरं, असं उलटं चित्र दिसलं की मी नेमबाजाला दोष देण्याआधी स्कोपचा पॅरलॅक्स तपासतो.

तपासणीला एक गोळीही लागत नाही. रायफल रिकामी केली, बोल्ट काढून बाजूला ठेवला, रायफल बॅगांवर घट्ट बसवली आणि तिला हात न लावता त्यांना स्कोपमधून बघायला सांगितलं. डोकं किंचित वरखाली, डावीउजवीकडे हलवायचं. २५ मीटरवरच्या टार्गेटवर क्रॉस, म्हणजे नेम धरायच्या रेषा (रेटिकल), चक्क फिरत होता. रायफल जागची हललेली नसताना नेम मात्र सरकत होता. शेजारच्या सीटवरून स्पीडोमीटरचा काटा वेगळ्या आकड्यावर दिसतो, तोच हा प्रकार. टार्गेटची प्रतिमा आणि रेटिकल स्कोपच्या आत एकाच पातळीवर नसतात, म्हणून डोळा सरकला की दोघांची जुळणी मोडते. हाच पॅरलॅक्स.

मोठ्या कॅलिबरसाठी बनवलेल्या साध्या स्कोपांचा पॅरलॅक्स बहुधा १०० यार्डांवर, म्हणजे सुमारे ९१ मीटरवर, कारखान्यातच पक्का केलेला असतो. फक्त त्या अंतरावर ही चूक उरत नाही. या स्कोपचंही तेच होतं. जास्तीत जास्त चूक किती होऊ शकते, याचा हिशेब सोपा आहे. पुढच्या काचेच्या व्यासाचा निम्मा आकडा घ्यायचा, टार्गेटचं अंतर आणि पॅरलॅक्सचं अंतर यांतल्या फरकाने गुणायचा आणि पॅरलॅक्सच्या अंतराने भागायचा. २५ मीटरवर २० गुणिले ६६ भागिले ९१, म्हणजे साडेचौदा मिलिमीटर, तेही कोणत्याही बाजूला. ५० मीटरवर ९ मिलिमीटर. १०० मीटरवर जेमतेम २. अंतराच्या मानाने पाहिला तर टार्गेटांवर दिसलेला फैलाव याच क्रमाने उतरत गेला होता. पॉइंट टू टूच्या गोळीचा व्यास साडेपाच मिलिमीटरच्या थोडा वर असतो, हे लक्षात घेतलं की साडेचौदाचा अर्थ कळतो.

या प्रकरणातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट यापुढची आहे. ९ पटीवर स्कोपमधून बाहेर पडणाऱ्या प्रकाशाचं वर्तुळ ४० भागिले ९, म्हणजे ४.४ मिलिमीटरचं असतं. डोळा त्याच्या मध्यापासून २.२ मिलिमीटर सरकला की ती साडेचौदा मिलिमीटरची पूर्ण चूक पदरात पडते. तोच डोळा तेवढाच सरकला, पण झूम ३ वर असेल, तर चूक एक तृतीयांश, पाचेक मिलिमीटरची. म्हणजे पॅरलॅक्स जुळलेला नसताना झूम वाढवला तर डोक्याची तीच लहानशी हालचाल जास्त महागात पडते. बाईंनी मागितलेला उपाय त्यांच्याच तक्रारीत भर घालणारा होता.

झूम फिरवल्यावर नेम सरकतो का, हेही ३ आणि ९ पटीवर वेगवेगळे ग्रुप काढून पाहिलं. स्वस्त स्कोपांत तो दोष आढळतो. इथे तो नव्हता.

पहिला निर्णय: मुळात नवा स्कोप हवा का

हा प्रश्न सहसा विचारलाच जात नाही. आम्ही तो आधी घेतला. काही स्कोपांची पुढची काच फिरवून पॅरलॅक्सचं अंतर बदलता येतं, पण त्यात सील सुटतं, आतला नायट्रोजन जातो आणि पुढे काच आतून धुरकट होण्याचा धोका राहतो. ते नको म्हटलं.

दुसरा उपाय डोकं दर वेळी एकाच जागी ठेवण्याचा. त्यांच्या रायफलीचा दस्ता स्कोपच्या मानाने खाली होता, गाल टेकत नव्हता, हनुवटी टेकत होती. दस्त्यावर तात्पुरती जाड पट्टी बांधली. शिवाय एक सवय लावली. डोकं थोडं मागे घ्यायचं, स्कोपच्या कडेने काळी कड दिसू लागली की ती चहूबाजूंनी सारखी करायची आणि मग ट्रिगर. डोळा मध्यावर असेल तर पॅरलॅक्सची चूक होतच नाही, मग टार्गेट कितीही अंतरावर असो.

२५ मीटरवरचा ग्रुप लगेच आवळला. फक्त कागदी टार्गेटवर ५० आणि १०० मीटर करायचं असतं, तर माझं मत होतं की खरेदी इथेच थांबवावी. पण प्लेटांवर घड्याळ चालू असताना काळी कड जुळवत बसायला वेळ नसतो, आणि २०० मीटरसाठी या स्कोपच्या झाकणाखालच्या टरेटवर (नेम क्लिक-क्लिकने सरकवणाऱ्या फिरत्या बटणावर) भरवसा ठेवण्यासारखा नव्हता. म्हणून नवा स्कोप घ्यायचं ठरलं.

समोरचे पर्याय

चार पर्याय उरले, सगळे मधल्या किमतीचे.

पहिला, पॉइंट टू टूसाठीच बनवलेला ३-९×४०, पॅरलॅक्स ५० यार्डांवर पक्का. हलका, साधा, टिकाऊ. २५ मीटरवर जास्तीत जास्त चूक ९ मिलिमीटरवर येते, पण १०० मीटरवर ती २३ च्या पुढे जाते आणि २०० मीटरवर विचारायलाच नको. अंतरांचा पल्ला मोठा असलेल्या माणसासाठी पक्का पॅरलॅक्स बसत नाही. हा पर्याय लगेच गळला.

दुसरा ४-१६×४४, बाजूला पॅरलॅक्स जुळवायची मूठ, रेटिकल दुसऱ्या फोकल प्लेनमध्ये (याचा अर्थ पुढे येतो), टरेट पाव एमओएचे. एमओए म्हणजे अंशाचा साठावा भाग.

तिसरा त्याच आकाराचा, पण रेटिकल पहिल्या फोकल प्लेनमध्ये आणि टरेट ०.१ मिलरेडियनचे, म्हणजे रेंजवरच्या भाषेत मिलचे. एक मिल म्हणजे १०० मीटरवर १० सेंटिमीटर.

चौथा ६-२४×५०. बाईंचा जीव यात अडकला होता.

चौथ्याचा फैसला पत्रकातल्या एका बारीक ओळीने केला. त्याची पॅरलॅक्सची मूठ ४५ मीटरच्या आत येतच नव्हती. म्हणजे २५ आणि ३० मीटरवर मूळ दुखणं तसंच राहिलं असतं, वर टार्गेट अंधूक. ‘साइड फोकस (बाजूची पॅरलॅक्सची मूठ) आहे’ एवढ्यावर समाधान मानू नये. तो किती जवळ उतरतो, ते वाचावं. पॉइंट टू टूसाठी १० मीटर किंवा त्याच्या आसपास उतरणारे स्कोप मिळतात.

दुसरं कारण दृष्टिक्षेत्राचं. ६ पटीवर अशा स्कोपमधून १०० मीटरवर साधारण सव्वापाच मीटर रुंदीचा पट्टा दिसतो, म्हणजे ३० मीटरवर दीड मीटरच्या जरा वर. प्लेटा दोन-दोन मीटरवर टांगलेल्या असतील तर पुढची प्लेट नजरेत येतच नाही, ती शोधावी लागते. ४ पटीपासून सुरू होणाऱ्या स्कोपमध्ये ३० मीटरवर सुमारे अडीच मीटर दिसतात. झूमचा वरचा आकडा सगळे विचारतात. प्लेटांवर काम पडतं ते खालच्या आकड्याशी.

संध्याकाळच्या उजेडाचा प्रश्न

५० मिलिमीटरची काच जास्त उजेड आणेल, हा बाईंचा युक्तिवाद अगदीच चुकीचा नव्हता. पण २४ पटीवर बाहेर पडणारं वर्तुळ २.१ मिलिमीटरचंच उरतं. ४४ च्या काचेत १६ पटीवर २.७५ आणि ८ पटीवर साडेपाच. तरुणपणी अंधारात ७ मिलिमीटरपर्यंत उघडणारी डोळ्याची बाहुली पन्नाशीनंतर बहुतेकांची ५ च्या आसपास थांबते. म्हणजे उजेड उतरला की झूम ८-९ वर आणायचा, डोळा घेऊ शकतो तेवढा सगळा उजेड ४४ ची काचही देते. मोठी काच घेतली की स्कोप उंच बसवावा लागतो आणि गाल पुन्हा दस्त्यावरून सुटतो. त्यांच्या बाबतीत तर हे मुळीच परवडणारं नव्हतं.

उजेडाच्या बाबतीत काचेवरच्या लेपाला मी जास्त वजन देतो. लेप नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावर सुमारे ४ टक्के प्रकाश परत फिरतो. असे दहा पृष्ठभाग ओलांडले की जेमतेम दोन तृतीयांश प्रकाश डोळ्यापर्यंत पोचतो. १९३५ मध्ये झाइस कंपनीत अलेक्झांडर स्माकुला यांनी परावर्तन रोखणाऱ्या लेपाची पद्धत काढली आणि भिंगांच्या जगाचं चित्र पालटलं. आज मधल्या किमतीच्या स्कोपवर ‘फुल्ली मल्टी-कोटेड’ हे शब्द नसतील तर मी तो बाजूला ठेवतो.

अवघड निर्णय: पहिलं की दुसरं फोकल प्लेन

आता दुसरा आणि तिसरा पर्याय उरले, आणि इथे बरीच चर्चा झाली. दुसऱ्या फोकल प्लेनमध्ये रेटिकल कोणत्याही झूमवर एकाच जाडीचं दिसतं. कागदी टार्गेटवर ते डोळ्याला सुखावतं. पण त्यावरच्या खुणा एकाच झूमवर खऱ्या असतात, बहुधा सगळ्यात वरच्या. पहिल्या फोकल प्लेनमध्ये रेटिकल झूमबरोबर लहानमोठं होतं आणि खुणा कुठेही खऱ्या राहतात. त्याची किंमत अशी की ४ पटीवर रेषा केसासारख्या बारीक दिसतात आणि संध्याकाळी त्या हरवतात.

बाईंचा कल दुसऱ्या पर्यायाकडे होता, कारण कागदी टार्गेट त्यांना जास्त प्रिय. वाद घालण्यापेक्षा क्लबमधल्या एका सहकाऱ्याचा दुसऱ्या फोकल प्लेनचा स्कोप लावून प्लेटांची एक फेरी करून पाहिली. त्याचं रेटिकल मिलच्या खुणांचं होतं. ५० मीटरवर झीरो केलेल्या, म्हणजे तिथे नेम धरला तिथेच गोळी लागेल असं जुळवलेल्या, साध्या वेगाच्या पॉइंट टू टूची गोळी १०० मीटरवर सुमारे २० सेंटिमीटर खाली जाते, म्हणजे दोन मिलच्या आसपास. घड्याळ चालू होतं, झूम ८ वर होता, त्यांनी दोनची खूण प्लेटेवर धरली आणि गोळी प्लेटेच्या वरून निघून गेली. परत तेच. १६ पटीवर खरी असलेली दोनची खूण ८ पटीवर चार मिलची झाली होती. शंभर मीटरवर तब्बल २० सेंटिमीटर वर. हे त्यांना आधी माहीत होतं, कागदावर लिहूनही दिलेलं होतं. घाईत आठवलं नाही. आठवणीवर अवलंबून असलेली गोष्ट घाईत निसटते, आणि प्लेटांचा खेळ घाईचाच आहे. तिसरा पर्याय तिथे पक्का झाला.

एककाचा निर्णय त्या मानाने सोपा. पाव एमओएचा क्लिक १०० मीटरवर ७.३ मिलिमीटर सरकतो, ०.१ मिलचा १० मिलिमीटर. कागदावर एमओए किंचित बारीक, हे खरं. पण अंतरं मीटरमध्ये मोजणाऱ्याला मिलचा हिशेब तोंडी जमतो आणि शेजारी उभे असलेले साथीदार दुरुस्ती मिलमध्येच सांगत होते. रेटिकल आणि टरेट एकाच एककात आहेत ना, एवढं मात्र डोळ्यांत तेल घालून बघायचं. रेटिकल मिलचं आणि टरेट एमओएचे, असेही स्कोप विकले जातात आणि ते घेणारा कायम गुणाकार करत बसतो.

बसवणी आणि क्लिकची परीक्षा

या स्कोपचा वरखाली एकूण प्रवास १८ मिलचा, म्हणजे मध्यापासून वर ९. सपाट बेसवर (स्कोपखालच्या पट्टीवर) बसवला तर ५० मीटरवर झीरो करण्यातच त्यातले तीनेक मिल खर्च होतात. २०० मीटरसाठी झीरोच्या वर आठएक मिल लागणार. हिशेब जुळत नव्हता. म्हणून २० एमओए उताराचा बेस घेतला, त्याने ५.८ मिल वाढवून मिळाले. स्कोप धरणाऱ्या रिंगा काच नळीला न घासता बसेल इतक्याच उंच घेतल्या. डोळ्याचं अंतर १६ पटीवर ठेवून बसवलं, कारण तिथे जागा सगळ्यात अपुरी असते. रेटिकल ओळंब्याशी जुळवलं. ते ३ अंश तिरकं राहिलं तर २०० मीटरसाठी ८ मिल चढवताना गोळी ८ सेंटिमीटर बाजूला पडते आणि माणूस वाऱ्याला दोष देत राहतो. रिंगांचे स्क्रू टॉर्कच्या पान्याने, पत्रकात दिलेल्या २ न्यूटन-मीटरवर आवळले.

मग क्लिक तपासले. रायफल रिकामी, शिकंज्यात पक्की. १०० मीटरवर उभी मोजपट्टी. टरेट ८ मिल चढवला तर क्रॉस ८० सेंटिमीटर सरकायला हवा. त्याआधी अंतर फीत टाकून मोजलं, आणि बरं झालं. रेंजवरची १०० मीटरची पाटी फायरिंग लाइनपासूनची होती, टेबल तिच्या दीड मीटर मागे. मोजपट्टी पुढे आणून खऱ्या १०० मीटरवर लावली. क्रॉस ७८.४ सेंटिमीटर सरकला, म्हणजे क्लिक २ टक्के कमी भरत होते. पाटीवर विश्वास ठेवला असता तर साडे-एकशेएक मीटरवर आकडा ७९.६ आला असता आणि स्कोप निर्दोष ठरला असता.

परत करावा का? बाई तयार होत्या. आम्ही पुन्हा पुन्हा वर नेऊन झीरोवर आणून पाहिलं. दर वेळी क्रॉस त्याच जागी परतला आणि कमतरता तेवढीच राहिली. कायम सारखी चूक असेल तर ती हिशेबात धरता येते. प्रत्येक वेळी वेगळी आली असती, तर मी त्याच दिवशी परत करायला सांगितलं असतं. २०० मीटरवर या २ टक्क्यांचे सुमारे ३ सेंटिमीटर होतात. त्यांच्या तक्त्यात तो आकडा धरला आणि स्कोप ठेवला.

निष्पत्ती

२५ मीटरवरचा ग्रुप आता ५० च्या निम्म्याच्या आसपास येतो, जसा यायला हवा. प्लेटांवर त्या झूम ८ ते १० दरम्यान ठेवतात आणि खुणेवर भरवसा ठेवून मारतात. १६ पटी त्या क्वचित वापरतात. उन्हं तापलेली असताना हवेच्या लाटांनी टार्गेट नाचतं आणि हृदयाचा ठोकासुद्धा क्रॉसवर दिसतो, हे त्यांचंच निरीक्षण. भोकं न दिसण्याची मूळ तक्रार शेवटी स्टँडवर लावलेल्या स्पॉटिंग स्कोपने, टार्गेट पाहायच्या वेगळ्या दुर्बिणीने, सुटली. १०० मीटरवर पॉइंट टू टूची भोकं शोधणं हे त्याचंच काम आहे.

एक अडचण उरली. संध्याकाळी ४ पटीवर रेटिकल हरवतं. मधला भाग उजळायची सोय स्कोपमध्ये आहे, तिने काम भागतं, पण बॅटरी संपली की तो भाग वापरता येत नाही.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्या फोकल प्लेनचा स्कोप खरेदीआधी भर दुपारी पाहिला गेला. तो संध्याकाळी, सगळ्यात खालच्या झूमवर पाहायला हवा होता. कदाचित निवड तीच झाली असती, पण त्याच जातीतला जाड रेटिकलचा नमुना मागता आला असता.

गालाची पट्टी स्कोपच्या आधी कायमची बसवून काही आठवडे जुन्याच स्कोपवर सराव झाला असता, तर दस्त्याची नेमकी उंची हातात असती आणि रिंगा दोनदा घ्याव्या लागल्या नसत्या.

पॅरलॅक्सच्या मुठीवर छापलेली अंतरं बाईंनी सुरुवातीला खरी मानली. ती तशी नव्हती, २५ चा आकडा २५ ला जुळत नव्हता. आता त्या टार्गेट बदललं की डोकं हलवून क्रॉस थांबतो तिथे मूठ ठेवतात आणि त्या जागी पेन्सिलीने खूण करतात. हे पहिल्या दिवशीच शिकवता आलं असतं.